सोसायटीच्या गच्चीवर हॅम रेडिओची अँटेना: कुठे आणि कशी बसवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर घर. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना नुकताच हातात आलाय. १४५ मेगाहर्ट्झवर गावातल्या गावात बोलायचंय आणि ७ व १४ मेगाहर्ट्झवर लांबचंही. गच्ची साधारण २६ बाय १४ मीटर, उत्तरेला लिफ्टची खोली, मधोमध पाण्याच्या टाक्यांचा चौथरा. कमिटीने गच्ची वापरायला तोंडी होकार दिलाय. अँटेना कुठे लावू, कशी लावू, की बाल्कनीतच भागेल? गुहागरजवळ गावी घर आहे, तिथेही एक लावायची आहे.

परवान्याबद्दल मनापासून अभिनंदन. अँटेना अजून विकत घेतली नसेल तर निदान महिनाभर घेऊ नका. गेली सत्तावीस वर्षं स्वतःच्या आणि मित्रांच्या गच्च्यांवर हे काम करतोय. बहुतेक जण पैसे उलट्या क्रमाने घालतात: सगळ्यात महाग अँटेना, मग हाताला लागेल ती केबल, मग घरात पडलेला पाइप, आणि जागा जिथे पाइप बांधता येईल ती. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी जागा ठरवा. मग आधार, मग केबल आणि शेवटी अँटेना. चांगल्या जागी चांगल्या केबलवर लावलेली तारेची घरगुती डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या तारांची अँटेना) काय करते ते एकदा ऐकलंत की मी हे इतक्या आग्रहाने का सांगतोय ते कळेल.

जागा ठरवायला एकच अवजार लागतं, बॅटरीवर चालणारा रेडिओ. ७ मेगाहर्ट्झ ऐकू येईल असा शॉर्टवेव्हचा छोटा रिसीव्हर घ्या आणि रात्री नऊ-दहाच्या सुमाराला गच्चीवर जा. घराघरांत दिवे, चार्जर, टीव्ही चालू असतात ती ही वेळ. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर रेडिओ लावून कठड्याकडेने सावकाश चाला. कुठे नुसती हलकी खरखर असते, चार पावलांवर ती करकर होते. लिफ्टच्या खोलीजवळ उभे राहा आणि कुणाला तरी लिफ्ट बोलवायला सांगा. हल्लीच्या लिफ्टच्या मोटरला वेग बदलणारा ड्राइव्ह असतो, तो सुरू झाला की ७ मेगाहर्ट्झवर भुणभुणीची भिंत उभी राहते. सोलर असेल तर दिवसा आणखी एक फेरी मारा, कारण इन्व्हर्टरचा आवाज उन्हाबरोबर येतो. कागदावर गच्चीचा नकाशा काढून आवाजाच्या खुणा करा. हे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा. समोरच्याचा सिग्नल वाढवणं तुमच्या हातात नसतं, पण आपल्याकडचा गोंगाट कमी असेल अशी जागा निवडणं असतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जागा निवडली त्यामागे मुख्य कारणांपैकी एक हेच होतं, की तिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी होता आणि आजूबाजूचे डोंगर आडोसा देत होते. आपली पट्टी (फ्रिक्वेन्सींचा टप्पा) निराळी, काम निराळं, पण जागा शोधायचं तत्त्व तेच.

आता तुमच्या गच्चीबद्दल. लिफ्टची खोली सगळ्यात उंच आणि भक्कम, म्हणून सगळे तिथेच जातात. १४५ मेगाहर्ट्झसाठी जरूर जा. त्या पट्टीत एफएमवर बोलताना लिफ्टच्या ड्राइव्हचा त्रास सहसा जाणवत नाही आणि उंचीचा फायदा मिळतो. पण ७ मेगाहर्ट्झची तार तिथे नेलीत तर दर वेळी लिफ्ट हलली की समोरचा बुडेल. तुमच्याकडे मधला चौथरा आहे हे भाग्य समजा. तारेच्या अँटेनाचा मधला बिंदू तिथे घ्या आणि तार अशी तिरपी ओढा की दोन्ही टोकं लिफ्टच्या खोलीपासून होईल तेवढी लांब राहतील.

उंचीबद्दल एक गैरसमज आहे. १४५ मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये साधारण ४.१२ गुणिले उंचीचं वर्गमूळ, उंची मीटरमध्ये. तुमची अँटेना जमिनीपासून २५ मीटरवर गेली तर साडेवीस किलोमीटर. आणखी तीन मीटर पाइप चढवलात तर एकवीस पूर्णांक आठ. म्हणजे तीन मीटर जादा पाइप, त्यावर जादा वारा, आणि मिळाला सव्वा किलोमीटर. त्याउलट सिंहगडासारख्या, पायथ्यापासून साडेसातशे मीटर उठलेल्या डोंगरावर रिपीटर (आलेला सिग्नल जोर देऊन पुन्हा सोडणारं यंत्र) असला तर त्याचं क्षितिज शंभर किलोमीटरच्या पलीकडे जातं. म्हणून पाइप लांबवण्याआधी बघा की जिकडे बोलायचं तिकडे आड काय येतं. पुण्यात सोपी खूण आहे. स्वच्छ हवेत गच्चीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा डोळ्यांनी दिसला तर त्या दिशेला वाट मोकळी आहे. शेजारची दहा मजली इमारत मध्ये असेल तर आपण तीन मीटर वर गेलो काय आणि पाच काय. कठड्याच्या ज्या कोपऱ्यातून ती इमारत बाजूला सरकते तो कोपरा जास्त मोलाचा.

बाल्कनीचं विचारलंत. ऐकायला, जवळच्या रिपीटरला, हो. पण आर.सी.सी. इमारत म्हणजे सळयांचा पिंजरा आहे. बाल्कनी ज्या बाजूला उघडते तेवढीच बाजू जिवंत, पाठीमागची मुकी. शिवाय ग्रिल. अँटेना लोखंडी ग्रिलपासून हातभर अंतरावर असली की तिचा मेळच बिघडतो. १४५ ला लहर दोन मीटरची असते, म्हणून उभ्या अँटेनाच्या भोवती निदान दोन मीटर दुसरं उभं लोखंड नसावं हा माझा नियम. एफएम आणि रिपीटरसाठी अँटेना उभीच लावा. आडवी लावलीत तर उभ्या अँटेनाशी बोलताना वीस डेसिबलपर्यंत नुकसान होऊ शकतं, म्हणजे सिग्नलची ताकद शंभरपट कमी.

गच्चीवर मोबाइल कंपन्यांच्या उभ्या, चपट्या अँटेना असतील तर त्यांच्या समोर अँटेना लावू नका आणि काम करताना तिथे उभे राहू नका, मागच्या बाजूने जा.

आता आधार. हा भाग मी लांबवणार आहे, कारण इथल्या चुकीने माणसं जखमी होतात.

पहिल्या अँटेनाच्या वेळी मी दीड इंची पाइप कठड्याला दोन क्लॅम्पने बांधला होता. दोन्ही क्लॅम्प जवळजवळ, मध्ये वीतभर अंतर. मे महिन्यात वळवाच्या वावटळीत तो पाइप आडवा झाला. पाइप वाकला नव्हता, क्लॅम्पही तुटले नव्हते. साडेचार इंची विटांच्या भिंतीचा तुकडा प्लॅस्टरसकट उचकटून आला होता आणि यू-बोल्ट त्यातच घट्ट होते. पाइप गच्चीच्या आत पडला म्हणून वाचलो. बाहेर पडला असता तर खाली सायकली लावायची जागा होती आणि संध्याकाळी तिथे मुलं असायची. त्या दिवसापासून विटांच्या कठड्यावर मी भार टाकलेला नाही.

हिशोब करून बघा. वाऱ्याचा दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंद. इमारतींच्या भारांसाठीच्या भारतीय मानकात पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरलाय, मुंबईचा ४४. पुण्याच्या वेगाला दाब येतो ९१२ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९३ किलोचा रेटा. समजा तीन मीटर पाइप कठड्याच्या वर आहे आणि टोकाला ०.३ चौरस मीटर तोंडाची यागी (दांड्यांची, एका दिशेला रोखलेली अँटेना). यागीवर २८ किलो, पाइपवर १३ किलो. सगळं मिळून जेमतेम ४१ किलो, भीती वाटण्यासारखं काही नाही. पण २८ किलो तीन मीटरच्या तरफेवर आहेत. वरच्या क्लॅम्पपाशी पिळवटणारं बळ जवळपास १०४ किलोग्रॅम-मीटर होतं. दोन क्लॅम्पमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असेल तर खालच्या क्लॅम्पला साडेतीनशे किलो आणि वरच्याला चारशेच्या आसपास सोसावे लागतात. तेच अंतर ९० सेंटिमीटर केलं की ११५ आणि १५५. पाइप तोच, वारा तोच, फक्त क्लॅम्प लांब नेले. म्हणून क्लॅम्प जितके लांब लावता येतील तितके लावा आणि ते आर.सी.सी.तच लावा: लिफ्टच्या खोलीचा कॉलम, चौथऱ्याचा खांब. विटेवर प्लॅस्टर असेल तर दोन्ही सारखेच दिसतात. हातोडीने ठोकून आवाज ऐका, आणि शंका असेल तर सोसायटीकडचा इमारतीचा नकाशा मागून घ्या.

वाऱ्याचं उत्तर खोडदला किती सुंदर दिलंय ते मुद्दाम जाऊन बघावं असं आहे. ४५ मीटरची बशी सलग पत्र्याची केली असती तर वाऱ्याने तिला पेलणारा सांगाडा परवडला नसता. त्यांनी दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांवर बारीक स्टेनलेसची जाळी बसवली, भोकं १० ते २० मिलिमीटरची. त्यांच्या लांब लहरींना जाळी म्हणजे भिंतच, वाऱ्याला मात्र मोकळी वाट. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की तारेची अँटेना ही गरिबाची तडजोड नव्हे. वाऱ्याच्या हिशोबात ती शहाण्याची निवड आहे.

पाइप बी क्लास जी.आय. घ्या. पीव्हीसी उन्हात मऊ होऊन वाकतो. वरचं तोंड झाकणाने बंद करा, खाली पाणी निघायला भोक ठेवा. तीन मीटरच्या वर जायचं असेल तर तीन दिशांना ताण द्या, एकमेकांपासून १२० अंशांवर. ताणाला पॉलिएस्टरची दोरी वापरा. बाजारातली निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी एक-दोन उन्हाळ्यांत भुसा होऊन हातात येते. आणि स्लॅबला भोक पाडू नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की वरच्या मजल्याच्या छताला ओल येते आणि मग तुमचं कितीही खरं असलं तरी गच्ची गेली. खांब नसेल तिथे लोखंडी चौकटीवर सिमेंटचे ब्लॉक ठेवून पाइप उभा करता येतो, खाली रबराची चटई घालून.

पाइप बिजागरीचा करा, एका माणसाला आडवा पाडता येईल असा. वर चढवायला मित्र जमतात, खाली उतरवायची वेळ येते तेव्हा नेमकं पावसाचं वातावरण असतं आणि कुणी नसतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. दोन्ही वेळा इशारा आधी मिळाला होता. ज्यांना अँटेना उतरवता आली त्यांची वादळानंतर तासाभरात परत उभी राहिली, तेही जेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते तेव्हा.

७ मेगाहर्ट्झची डायपोल २० मीटर लागते (१४३ भागिले फ्रिक्वेन्सी), १४ ची १० मीटर. दोन्ही एकाच मधल्या जोडावर बांधता येतात, टोकं एकमेकांपासून लांब फाकवून. चौथरा तीन मीटर, त्यावर चार मीटर पाइप, म्हणजे मधला बिंदू स्लॅबपासून सात मीटर. टोकं तीन मीटरवर आणलीत तर उलट्या व्हीचा पसारा अठरा मीटरच्या थोडा वर जातो, तुमच्या गच्चीत आरामात बसतो आणि दोन बाजूंमधला कोन १३० अंशांच्या आसपास राहतो. नव्वदच्या खाली जाऊ देऊ नका. इतक्या कमी उंचीवरची ७ मेगाहर्ट्झची तार बहुतेक शक्ती आकाशाकडे फेकते आणि ती दोन-चारशे किलोमीटरच्या परिघात परत येते. दिवसा नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर यांच्याशी बोलायला हेच हवं असतं, त्यामुळे तार खाली आहे म्हणून खंत करू नका. १४ ला मात्र हीच उंची बऱ्यापैकी लांब नेते. मधल्या जोडापाशी फेराइट कड्यावर केबलचे वेढे देऊन चोक, म्हणजे अडसर, करा, नाहीतर केबलचं बाहेरचं कवचच अँटेना होऊन घराघरांतली करकर खाली आणतं.

टोकं तीन मीटरवर का? प्रसारण चालू असताना डायपोलच्या टोकांना सगळ्यात जास्त व्होल्टेज असतं, शंभर वॉटला शेकड्यांत. गच्चीवर बायका पापड-कुरडया वाळत घालतात, मुलं पतंग उडवतात. कुणाचा हात पोचता कामा नये. संक्रांतीच्या आधी एक फेरी मारून तारेत अडकलेला मांजा काढून टाका, तो पक्ष्यांनाही कापतो.

केबल चौथ्या मजल्यापासून साधारण ३० मीटर होईल. १४५ ला आरजी-५८ ही पातळ केबल तेवढ्या लांबीत सहा डेसिबल खाते. ५० वॉटच्या रिगमधून (रेडिओ संचातून) निघालेले वर जेमतेम साडेबारा पोचतात, आणि वरून येणारा क्षीण सिग्नलही चौथाई होऊन उतरतो. एलएमआर-४०० जातीच्या जाड केबलला तेच नुकसान दीड डेसिबल. पैसे इथे घाला. ७ मेगाहर्ट्झला मात्र आरजी-५८ चं नुकसान सव्वा डेसिबलच्या आसपास, तिथे पातळ केबल चालेल.

केबल मरते ती पाण्याने. एका मित्राची अँटेना दुसऱ्या पावसाळ्यात बहिरी झाली. वरचा पीएल-२५९ कनेक्टर उघडला तर आतून हिरवट पाणी टपकलं, आणि केबल सोलत गेलो तर हातभर खालपर्यंत तांब्याची जाळी काळी पडून चुरत होती. अख्खी केबल टाकावी लागली. पीएल-२५९ मुळात जलरोधक नसतो. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, वरून काळी पीव्हीसी टेप, आणि टेप खालून वर चढवा, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येईल, कौलं रचतात तशी. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, पाणी तिथून गळून जाईल. पांढरे नायलॉनचे टाय उन्हात तडकतात, काळे उन्हाला टिकणारे घ्या.

विजेबद्दल मी कडक आहे. आपल्याकडे वळवाचे दिवस आणि परतीचा पाऊस, या दोन्ही वेळा विजा जमिनीवर पडतात. इमारतीला वीज अटकाव यंत्रणा असेल तर अँटेना तिच्या टोकापेक्षा खाली आणि त्या टोकापासून ४५ अंशांनी उतरणाऱ्या छत्रीच्या आत ठेवा. पाइप आणि केबलचं कवच जाड तांब्याच्या पट्टीने इमारतीच्या अर्थिंगशी जोडा. स्वतःचा वेगळा खड्डा करून तो मोकळा ठेवणं धोक्याचं आहे, दोन अर्थिंगमध्ये वीज पडताना हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो तुमच्या रिगमधून वाट काढतो. गॅस किंवा पाण्याच्या नळाला अर्थ जोडू नका. जोडणी इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून तपासून घ्या. आणि एवढं करूनही, ढग दिसले की केबल रिगमधून काढा आणि टोक घरात न ठेवता खिडकीबाहेर सोडा.

गुहागरचं वेगळं. तिथे पहिली गोष्ट वर बघा. गावात वीज खांबांवरून उघड्या तारांनी जाते. पाइप आणि अँटेना मिळून जेवढी उंची, त्याच्या दीडपट ते दुप्पट अंतरात वीजवाहक तार असेल तर ती जागा सोडून द्या. पाइप उभा करताना तोल जाऊन तारेला टेकला तर धरणारा वाचत नाही. दुसरं, जांभ्याच्या भिंतीत अँकर फास्टनर ठोकू नका. दगड सच्छिद्र असतो, आज घट्ट वाटतो, पावसाळ्यात सैल होतो. आरपार बोल्ट घालून पलीकडून पत्र्याची पट्टी लावा किंवा जमिनीत काँक्रीटचा पाया घ्या. नारळाला तार बांधायची तर टोकाला कप्पी आणि वाळूची पिशवी लटकवा, माड डोलला की पिशवी वरखाली होईल आणि तार तुटणार नाही. नटबोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेसचे, साधे ३०४ खाऱ्या वाऱ्यात डागाळतात. ॲल्युमिनियमला तांबं थेट भिडवू नका.

पण गुहागरचं वैभव समुद्र आहे. खाऱ्या पाण्याइतका चांगला परावर्तक जमिनीवर दुसरा नाही. १४ मेगाहर्ट्झची साधी उभी अँटेना पाण्यापासून वीसेक मीटरवर लावलीत तर समुद्राच्या दिशेला लहर अगदी क्षितिजालगत निघते, आणि अरबी समुद्रापलीकडचे आफ्रिका व युरोप असे ऐकू येतात की पुण्यातल्या गच्चीवर विश्वास बसणार नाही. कायमची बसवू नका, संध्याकाळी लावा आणि रात्री काढून घ्या.

कमिटीचा तोंडी होकार लेखी करून घ्या: परवान्याची प्रत, अँटेनाचा साधा नकाशा, स्लॅबला भोक पाडणार नाही आणि गरज पडल्यास आठ दिवसांत उतरवीन अशी दोन वाक्यं. अँटेना उभी राहिली की त्याच दिवशी प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) मोजून वहीत लिहा. पहिला मोठा पाऊस झाला की त्या संध्याकाळी परत मोजा. आकडे सरकले असतील तर पाणी कुठेतरी शिरलंय. टेप सोडवून जोड उघडा, वाळवा आणि परत बांधा. हिरवं व्हायच्या आधी सापडलं तर केबल वाचते.